जंतूंच्या अन्नाची परीक्षा

प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे तर त्यांना सहसा प्रथिनांचे अन्न लागते, आणि तेही पचवून दिलेले. मांस, दूध किंवा सोयाबीनमधली प्रथिने आम्लाने वा पाचक विकरांनी तोडली की पेप्टोनसारखे विद्राव्य पदार्थ मिळतात. यांतले चांगले कोणते? ज्यावर जंतू भरभरून वाढतात ते, हे उत्तर सरळ वाटते. परळच्या हाफकिन संस्थेचा इतिहास मात्र सांगतो की ही कसोटी अपुरी आहे. जंतू कशासाठी वाढवायचे आणि ते कोणाच्या अंगात जाणार, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या अन्नाची पारख होत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीस आला. संस्थेला ज्यांचे नाव आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. युरोपीय रीतीचे गोमांसाचे सूप हिंदूंना चालणार नव्हते आणि डुकराच्या जठरातले पेप्सिन मुसलमानांना. म्हणून बकऱ्याचे मांस हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून रस्सा करण्याची पद्धत त्यांनी अवलंबली. वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले की त्यांच्या आधाराने जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबत असे. धर्मभावना हा राजकारणाचा विषय, जंतुशास्त्राचा नव्हे, असा आक्षेप यावर घेता येईल. शिवाय रस्सा बदलूनही लोकांचा संशय पुरता फिटला नाही, हेही खरे. पण लोक जी लस टोचूनच घेत नाहीत, ती साथ रोखू शकत नाही. पुढे गुरांच्या मेंदूरोगाच्या भीतीने औषधनियंत्रकही प्राणिजन्य घटकांचा उगम विचारू लागले. अन्न कुठून आले, हा प्रश्न शास्त्राच्या बाहेरचा नव्हताच.

दुसरी कसोटी सारखेपणाची. पहिल्या महायुद्धात जर्मन पेप्टोन मिळेनासे झाले, तेव्हा १९१६ मध्ये कोल आणि ऑन्स्लो यांनी दुधातल्या केसिनचे ट्रिप्सिनने पचन करून पर्याय सुचवला. मांसाच्या मानाने केसिन बरेच शुद्ध आणि एकसारखे मिळते. पण तेच केसिन आम्लाने तोडले तर त्यातले ट्रिप्टोफॅन नष्ट होते, विकराने तोडले तर टिकते. काही जंतू ओळखताना तपासले जाणारे इंडोल हे ट्रिप्टोफॅनपासूनच बनते, म्हणून इंडोलच्या चाचणीला आम्लाने तोडलेले केसिन निरुपयोगी, मग त्यात जंतू कितीही वाढोत.

हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांनी केवळ वाढ पुरेशी नाही हा विचार पुढे नेला. प्लेगच्या लशीचे मोल जंतूंच्या गढूळपणावरून न जोखता, लस दिलेले उंदीर प्लेगपासून किती वाचतात यावरून जोखण्याची पद्धत त्यांनी १९३५ च्या सुमारास मांडली. पुढे प्लेग आणि पटकीच्या लशींसाठी विघटित केसिनचे माध्यम वापरण्याची रीत त्यांनी सहकाऱ्यांसह १९५० मध्ये प्रसिद्ध केली. इथे माध्यमाची परीक्षा त्यातून निघालेल्या लशीनेच केली.

आता कोणी म्हणेल, प्रथिनांचे झंझट कशाला, नेमक्या अमिनो आम्लांचे कृत्रिम माध्यम वापरावे. अनेक ठिकाणी ते योग्यच आहे. पण ते महाग पडते, आणि काही हट्टी जंतूंना पेप्टोनमधले लहान पेप्टाइड जास्त मानवतात. त्यामुळे पेप्टोन राहणार, आणि त्याचा प्रत्येक घाणा तपासावाच लागणार. गडचिरोलीतल्या धानोऱ्यासारख्या जंगल तालुक्यात तर याचे महत्त्व अधिक. तिथल्या दवाखान्यात आलेली लस पुन्हा पारखून पाहण्याची सोय नसते, तिथे बाटलीवरचा विश्वास हाच आधार. चंद्रपूर-यवतमाळच्या शेतांत सोयाबीन पिकते, त्यापासूनही पेप्टोन होते. ते वापरायचे की नाही हे ठरवताना त्यावर जंतू किती वाढले एवढेच मोजून थांबू नये. उगम काय, दर घाण्याला गुण तोच राहतो का, आणि शेवटी हाती येणारी लस किंवा चाचणी खरी उतरते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच ते स्वीकारावे.