काळी बुरशी वेळेत ओळखण्याची गोष्ट

कृष्णा-तारळीच्या काठच्या उंब्रजमधून आज आम्ही एका आजाराचा इतिहास सांगणार आहोत. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, घराघरात एक अवघड शब्द पोचला: म्युकरमायकोसिस. आपण त्याला काळी बुरशी म्हणू लागलो.

आजार मात्र नवा नव्हता. १८८५ मध्ये पाल्टाउफ नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या शरीरातल्या या बुरशीची नोंद केली. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकीकत छापली. त्यातून मोठी खूण हाती लागली: साखर हाताबाहेर गेली की ही बुरशी नाकाकडून डोळ्याकडे आणि पुढे मेंदूकडे सरकते. पण तेव्हा हिच्यावर औषधच नव्हते. १९५० च्या दशकात अँफोटेरिसिन हे औषध मिळाले, आणि आजार लवकर ओळखण्याला खरी किंमत आली.

ही बुरशी आपल्या ओळखीचीच आहे. शेणखतात, कुजक्या पाल्यात, शिळ्या भाकरीवर तिची भावंडे वाढतात. तिचे कण रोज आपल्या नाकात जातात आणि धडधाकट शरीर ते परतवते. २०२१ मध्ये कोरोनाने अंग खचले होते, जीव वाचवायला स्टिरॉइड द्यावी लागत होती, त्याने साखर चढत होती. बुरशीला रान मोकळे मिळाले. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सर्वांत जास्त रुग्ण सापडले. मे महिन्यात केंद्राने राज्यांना सांगितले, की प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवा. आपल्या राज्याने महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार घेतले.

मग निदान होते कसे? नुसत्या एक्स-रेवर भागत नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने नाक आतून बघतात आणि संशयाच्या जागेचा छोटा तुकडा काढतात. तो पोटॅशच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बुरशीचे रुंद, फितीसारखे धागे दिसतात. हे उत्तर त्याच दिवशी मिळू शकते. दुसरा भाग बायोप्सीला आणि बुरशी वाढवून बघायला जातो; त्याला काही दिवस लागतात. सीटी स्कॅनमध्ये हाड कुठे झिजले ते कळते, एमआरआयमध्ये डोळा व मेंदूपर्यंतची पसर कळते.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. ही बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्या बंद करते, मग तिथले मांस मरून काळे पडते. म्हणजे काळे दिसेपर्यंत थांबलो, तर उशीर झालेला असतो. गालाचे एका बाजूचे दुखणे किंवा बधिरपणा, नाकातून काळपट-रक्ताळ पाणी, डोळ्याला सूज, एकाचे दोन दिसणे, दात हलणे, यातले काही साखर असलेल्या बाईला झाले, तर त्याच दिवशी कराड किंवा साताऱ्याचा मोठा दवाखाना गाठायचा.

आणि मैत्रिणींनो, हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. आजारी बाईचे ताट वेगळे करू नका. आपण बायका डोकेदुखी अंगावर काढतो, आधी भांगलण, मग दवाखाना. या आजारात तेवढ्या दिवसांत डोळा जातो, कधी जीवही. म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांबरोबर एक प्रश्न विचारा: कुणाकुणाची साखर तपासायची राहिली आहे?