अवशिष्ट भार व उपकरणहानी
उच्च दाबाच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील कित्येक अपघात वीज चालू असताना नव्हे, तर प्लग काढल्यावर घडतात. कारण धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, भार साठवून ठेवते. मायक्रोवेव्ह ओव्हनमधील सुमारे 1 मायक्रोफॅरडचे धारित्र 2,000 व्होल्टला 2 ज्यूल ऊर्जा धरते. हा आकडा किरकोळ भासतो. पण स्क्रूड्रायव्हरने टोके जोडताच ती ऊर्जा अत्यल्प काळात मोकळी होते: ठिणगीने धातू वितळतो, धारित्रातील जोडांवर ताण येतो आणि क्षणिक दाबाने शेजारचे अर्धसंवाहक घटक निकामी होऊ शकतात. तोच भार योग्य रोधकातून सोडला तर सावकाश निघून जातो. म्हणून यंत्राच्या हानीचा दोष दाबापेक्षा विसर्जनाच्या वेगाकडे अधिक जातो.

धारित्राला भार निचरणारा रोधक जोडलेलाच असतो, मग वेगळी काळजी कशाला, असा आक्षेप येतो. तो रोधक आतून तुटला तरी बाहेरून धडधाकट दिसू शकतो. शिवाय रिकामे केलेले धारित्रही पारविद्युत माध्यमात मुरलेल्या भारामुळे पुन्हा काही दाब दाखवते. आधी मल्टिमीटरने मोजावे, हा सल्ला रास्त, पण अपुरा. जुन्या रंगीत दूरदर्शन संचाच्या चित्रनलिकेत धनाग्राचा दाब 25,000 व्होल्टच्या आसपास असतो. 1,000 व्होल्टपर्यंतचा साधा मीटर तिथे स्वतःच जळू शकतो. त्यासाठी उच्चदाब शलाका लागते. विसर्जनाची तारही चॅसीऐवजी नलिकेच्या बाह्य ग्रॅफाइट लेपाच्या जोडणीला लावतात. अन्यथा प्रवाह सर्किट बोर्डातून वाट काढतो.