नाव बरोबर होतं, आकडा चुकला

घरच्यांनी ही गोष्ट दहादा ऐकलीय, त्यांनी पहिला परिच्छेद सोडला तरी चालेल. २०१९ चा जून. भाचा अकरावीसाठी लातूरला गेला (लातूर पॅटर्नचं वेड आमच्याही घरात आहेच!). त्याच्या खोलीचे आणि मेसचे १८ हजार रुपये बाबांनी नांदेडहून मोबाईलवरून खोलीमालकाला पाठवले. खातेक्रमांकात एक आकडा चुकला आणि पैसे भलत्याच माणसाकडे. बँकेत उत्तर मिळालं, "समोरच्याने होकार दिला तरच परत." बाबा एकच वाक्य घोकत राहिले, "अहो, पण नाव तर बरोबर टाकलं होतं ना मी!"

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग जुनं काय काय वाचत बसलो.

मनीऑर्डर आपल्याकडे १८८० पासून टपाल खात्याकडे आली. तिचा सगळा भार नावावर. पोस्टमन दारात येणार, नाव विचारणार, सही किंवा साक्षीदारासमोर अंगठा घेणार, मग नोटा मोजणार. माणूस सापडला नाही तर पैसे पाठवणाऱ्याकडे परत. मिळाल्याची पोच घरी यायची ती वेगळीच.

त्याआधीपासून पेठांमध्ये हुंडी चालायची. तिच्यातला शाहजोग हा प्रकार मला फार आवडला. ही हुंडी कुणाही ऐऱ्यागैऱ्याला वटवता येत नसे. पैसे घ्यायला 'शाह', म्हणजे पेठेत पत असलेला सावकारच लागे. आणि पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर? त्या शाहाने घेतलेले पैसे व्याजासह परत करायचे, असा रिवाज. मुंबईच्या न्यायालयानेही एकोणिसाव्या शतकात तो मानला. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत 'पेठ', तीही हरवली तर 'परपेठ'. म्हणजे बघा, चूक होणारच हे गृहीत धरून सगळी रचना. चुकीचा भार पैसे घेणाऱ्यावर, आणि तो पत असलेला, सापडणारा माणूस.

कायद्यातही हे आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून मिळालेले पैसे परत केलेच पाहिजेत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे आपल्याकडे हा कायदा १९५१ मध्ये लागू झाला. तर हक्क पक्का आहे. पण समोरचा नाही म्हणाला तर कोर्टाची पायरी चढायची, १८ हजारांसाठी! बँक तरी परस्पर त्याच्या खात्यातून पैसे कसे काढणार? उद्या तुमच्या-माझ्याही खात्यातून काढेल. हे मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं.

मग नाव गेलं कुठे? ऑक्टोबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की ऑनलाइन आलेले पैसे फक्त खातेक्रमांक बघून जमा केले तरी चालतील, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. एकच नाव दहा तऱ्हांनी लिहिलं जातं, ते जुळवत बसलं तर काम अडतं, हे खरंच. पण बाबांनी जपून टाईप केलेल्या त्या नावाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर दिसण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करायची होती. मधली जवळजवळ १५ वर्षं आपण आकड्यांच्या भरवशावर काढली.

असो. आमच्या पैशांचं काय झालं?

तो माणूस शेतकरी निघाला. त्याला वाटलं, पीकविमा आला. ६ हजारांचं सोयाबीनचं बियाणं आणि खत घेऊन मोकळाही झाला होता. बँकेने कळवल्यावर बिचारा घाबरला, शाखेत जाऊन लिहून दिलं, उरलेले १२ हजार २३ दिवसांनी परत आले. आम्ही तोवर त्याला मनातल्या मनात चोर ठरवून टाकलं होतं, मी तर सगळ्यात आधी. बाकीच्या ६ हजारांसाठी त्याने बाबांना फोन केला, "काका, रास झाली की देतो." बाबा म्हणाले, "पेरणी होऊ द्या आधी."

दिवाळीच्या आठवड्यात पैसे आले. त्याने आधी १ रुपया पाठवला आणि फोन करून विचारलं, "आला का हो काका तुम्हालाच?"