अजब बंगल्याचा उंबरठा

नागपुरात कोणालाही 'अजब बंगला कुठे?' असं विचारा, तो सिव्हिल लाईन्सचा रस्ता दाखवील. 'मध्यवर्ती संग्रहालय कुठे?' असं विचारलंत, तर मात्र माणूस क्षणभर थांबेल. सरकारी नाव पाटीवर राहिलं आणि लोकांनी ठेवलेलं नाव तोंडी रुळलं. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत, १८६३ साली हे संग्रहालय स्थापन झालं. देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी ते एक. त्या काळी बघायला येणाऱ्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. वस्तूखालच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते कळत नव्हतं. पण पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षी पाहून त्यांनी तोंडात बोट घातलं, आणि नाव पडलं अजब बंगला.

आता असं समजा, की हुडकेश्वरमधलं एक कुटुंब रविवारी हा बंगला पाहायला निघालं आहे. म्हाळगीनगर, सक्करदरा, सीताबर्डी करत ते सिव्हिल लाईन्सला पोचेल. पण बरोबर गुडघे धरलेली आजी आहे, आणि शेजारचा एक मुलगा आहे, त्याला जन्मापासून दिसत नाही. आजीला पायऱ्यांची काळजी. मुलाचा प्रश्न निराळा. वाघ काचेच्या आत असेल आणि काचेवर 'हात लावू नये' असं लिहिलेलं असेल, तर त्याच्यासाठी तिथे वाघ नाहीच. तिथे फक्त काच आहे.

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच गावच्या इतिहासात सापडतं, म्हणून तो थोडा उलगडून सांगतो.

स्कॉटलंडहून आलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात दाखल झाले. काम धर्मप्रसाराचं आणि शाळांचं; पण नजर सतत जमिनीकडे. नागपूरची जमीनही मोठी विलक्षण आहे. शहराच्या पश्चिमेला लाव्हारसाचा काळा कातळ, पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन खडक, आणि कामठीच्या बाजूला वालुकाश्म. सीताबर्डीची टेकडी रोज आपल्या डोळ्यांसमोर असते. तीही त्याच लाव्ह्याची. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ अडकलेला आहे आणि त्यात गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म मिळतात. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी हे सारं वेचलं, नोंदवलं आणि १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध केलं. त्यांनी गोळा केलेले बरेच नमुनेही लंडनला गेले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी, म्हणजे संग्रहालय स्थापन झालं त्याच वर्षी, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. पुढे टेंपल यांनीच त्यांची आदिवासींविषयीची टिपणं संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव आज कॉलेजमुळे ठाऊक आहे. पण या मातीचा पहिला मोठा अभ्यास करणारा माणूस म्हणूनही ते लक्षात ठेवायला हवं.

हिस्लॉप यांना मिळालेल्या जीवाश्मांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची पानं होती. नावाचा अर्थच जिभेसारखं नेचं. ही वनस्पती पंचवीस कोटी वर्षांहून जुनी. तशीच पानं ऑस्ट्रेलियात आणि आफ्रिकेतही मिळाली. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मरण पावले, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे सोळा किलो दगड होते. त्यांतही हेच पान निघालं. हे सगळे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, याचा हा मोठा पुरावा ठरला. त्या प्राचीन महाखंडाला जगभर गोंडवन म्हणतात. आपल्याच मुलखाचं हे नाव.

आता ते पान डोळ्यांसमोर आणा. दगडावर उठलेला ठसा, मधोमध जाड शीर, दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. ठसा ठळक असेल, तर मधली शीर बोटालाही लागते. अंध मुलगा ब्रेल वाचतो तो बोटांनीच. म्हणजे निसर्गानं एक पान असं लिहून ठेवलंय, की ते वाचायला डोळे लागतातच असं नाही!

तुम्ही म्हणाल, वस्तू खराब होतील त्याचं काय? शंका रास्त आहे. दुर्मीळ नमुना काचेतच हवा. पण यावर तोड निघून शंभर वर्षं उलटली. इंग्लंडमधल्या संडरलँडच्या संग्रहालयाचे प्रमुख चार्लटन डीस यांनी १९०६ पासून अंध मुलांना बोलावून पेंढा भरलेले प्राणी हातांनी चाचपू दिले. मग मुलांनी मातीत त्या प्राण्यांचे आकार घडवले. १९१३ पर्यंत प्रौढ अंधांनाही आमंत्रण गेलं होतं. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये 'अनुभव' हे स्पर्शाचं दालन सुरू झालं; तिथे २२ वस्तूंच्या प्रतिकृती हाताळायला ठेवल्या गेल्या. अनमोल वस्तूची प्रतिकृती करावी, आणि जी विपुल मिळते ती खरीच हातात द्यावी. नागपूरच्या परिसराला शंखांच्या जीवाश्मांची आणि काळ्या कातळाची वाण नाही.

कायदाही आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारती सुगम करायला सांगतो. त्याखालच्या नियमांची भाषा शिफारशीची होती. सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सक्तीचे किमान निकष ठरवायला सांगितलं. पण कायदा उतार बांधून देईल. अंध मुलाच्या हातावर शंख ठेवायला माणूसच लागतो.

आणि हे केवळ दयेपोटी करायचं काम नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या लेंड्यांचे जीवाश्म मिळतात. २००५ मध्ये त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष आढळले. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं, असाच समज होता. ज्या लेंड्यांकडे दुसरा कोणी वळून पाहणार नाही, त्यांनी हा समज खोटा ठरवला. उद्या असा प्रश्न विचारणारं मूल कोणत्या घरातलं असेल, त्याला दिसत असेल की नाही, हे आज कोण सांगणार?

म्हणून पुढच्या वेळी संग्रहालयात, मग ते कोणतंही असो, जाण्याआधी चौकशी करा. चाकाची खुर्ची आत जाते का? बसायला बाक आहे का? हाताळता येईल असं काही आहे का? नसेल, तर अभिप्रायाच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहून या. १८६३ मध्ये वाचता न येणाऱ्या लोकांनी या वास्तूला नाव दिलं आणि ते टिकलं. तिचा उंबरठा किती उंच असावा, हेही आता लोकांनीच सांगायला हवं.