गाय, भिशी आणि बिनशर्त पैसा

आज इतिहासातला एक जुना प्रश्न घेऊन आलोय. गरीब माणसाच्या हातात रोख पैसे ठेवले आणि ‘याचं काय करायचं ते तुझं तू ठरव’ असं सांगितलं, तर तो काय करेल? उडवून टाकेल, की चार पैसे मिळवून देणारा धंदा उभा करेल?

हा प्रश्न फक्त सरकारांना पडतो असं नाही. गावाकडे पैसे पाठवणाऱ्या तुम्हा-आम्हालाही पडतो, म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी कणकवलीजवळच्या एका गावातून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ‘दादा, यंदा रातांबे चांगले धरलेत. चाळीस हजार मिळाले तर आगळ आणि आमसुलं करून विकेन.’ मी तेव्हा नुकताच एमबीए झालो होतो. मी तिला एक्सेलची शीट पाठवली. खर्च किती, भाव काय, तीन वर्षांत नफा किती, सगळे रकाने भरून मागितले. बरण्यांची कोटेशनंही मागवली. या प्रश्नोत्तरांत एप्रिल गेला, मे गेला, मिरग लागला. रातांबे झाडाखाली कुजले आणि मग माझे पैसे पोचले. ती काहीच बोलली नाही. मला मात्र तेव्हापासून या विषयाचा इतिहास वाचायची सवय लागली.

तर सुरुवात करू अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या एका माणसापासून. थॉमस पेन. १७७६ मध्ये ‘कॉमन सेन्स’ लिहून त्यानं वसाहतींना पेटवलं हे तुमच्या मुलांनी शाळेत वाचलं असेल. पण १७९७ मध्ये त्यानं ‘ॲग्रेरियन जस्टिस’ नावाची एक छोटी पुस्तिकाही छापली. त्याचं म्हणणं असं होतं, की जमीन मुळात सगळ्यांची. ती काहींच्या मालकीची झाली, तर बाकीच्यांना भरपाई मिळायला हवी. म्हणून वारसाहक्कावर कर लावून निधी उभारावा, एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला १५ पौंड एकरकमी द्यावेत आणि पन्नाशीनंतर दरवर्षी १० पौंड. आता गंमत बघा. नवं लग्न झालेलं जोडपं त्या पैशात काय करेल, हेही त्यानं लिहून ठेवलंय. ते एक गाय घेतील आणि थोडी जमीन कसायला लागणारी अवजारं घेतील. म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच या माणसानं दोन वेगळ्या गरजा ओळखल्या होत्या. म्हाताऱ्याला जगायला दरवर्षी थोडे थोडे लागतात, तरुणाला उभं राहायला एकदम लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

पेनची योजना कागदावरच राहिली. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मननं गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं बरीचशी जमीन जुन्या मालकांना परत दिली. ज्या कुटुंबांनी पेरणी केली होती, त्यांच्या हातातून शेत गेलं.

मग शंभर वर्षं पुढे येऊ. १९६२ मध्ये बाजारपेठेचा कट्टर पुरस्कर्ता मिल्टन फ्रीडमन यानं ‘उलटा आयकर’ मांडला. कमाई ठरावीक रेषेच्या खाली गेली, की सरकारनं कर घेण्याऐवजी पैसे द्यायचे. कमाई वाढेल तशी मदत हळूहळू कमी, एकदम बंद नाही. १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनीही खात्रीच्या उत्पन्नाची मागणी केली. एक उजवीकडचा, एक डावीकडचा, आणि दोघांचं म्हणणं जवळपास एकच. ऑगस्ट १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी चार जणांच्या गरीब कुटुंबाला वर्षाला किमान १,६०० डॉलर देण्याची योजना जाहीर केली.

विरोधकांचा सवाल आपल्या ओळखीचाच होता: फुकट मिळालं तर लोक काम सोडतील! त्याचं उत्तर शोधायला प्रत्यक्ष प्रयोग झाले. पहिला न्यू जर्सीत, १९६८ पासून, शहरी कुटुंबांवर. एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांनो, हे तुमच्या शेजारीच घडलंय. दुसरा खास ग्रामीण भागासाठी, १९७० ते १९७२, आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या ८०९ कुटुंबांवर, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या देखरेखीखाली. पैसे कशावर खर्च करायचे याची अट नव्हती.

निकाल काय आला? काम सोडून कुणी बाजेवर पडलं नाही. पगारावर काम करणाऱ्या कुटुंबांचे एकूण तास साधारण १३ टक्क्यांनी घटले. त्यात घरातल्या कर्त्या पुरुषाचे तास थोडेच कमी झाले, बायकांचे जास्त. नॉर्थ कॅरोलायनात मुलांची शाळेतली प्रगती सुधारली आणि घरातलं खाणंपिणंही. शेती करणाऱ्या कुटुंबांत मात्र नफा वाढल्याचं दिसलं नाही. मला यात नवल वाटत नाही. मदत हप्त्याहप्त्यानं येणारी आणि तीनच वर्षांची. अशा पैशावर पोरांना दूध मिळतं, पण कुणी ट्रॅक्टर घेत नाही. निक्सन यांची योजना प्रतिनिधीगृहात पास झाली, सिनेटमध्ये अडकली आणि १९७२ मध्ये संपली.

पुढचा धडा आला केनियातून, पण त्याची मुळं इथेच आहेत. हार्वर्ड आणि एमआयटीत शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी ‘गिव्हडायरेक्टली’ ही संस्था काढली. मोबाइलवरून थेट गरीब कुटुंबाला पैसे पाठवायचे, अट काही नाही. सियाया परगण्यातल्या ६५३ गावांच्या अभ्यासात सुमारे साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी साधारण हजार डॉलर मिळाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दिलेल्या एका डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत अडीच डॉलरच्या आसपास उलाढाल वाढली. ज्यांना पैसे मिळालेच नाहीत त्या शेजाऱ्यांचाही खर्च वाढला, कारण दुकानदाराचा गल्ला वाढला, गवंड्याला काम मिळालं. आणि भाव? ते जेमतेम ०.१ टक्का वाढले.

दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात अभिजित बॅनर्जी आहेत. नोबेल मिळालं तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही वाचलं असेलच, त्यांचा जन्म मुंबईचा आणि आई निर्मला या मराठी घरातल्या, स्वतः अर्थतज्ज्ञ. या प्रयोगात काही गावांना दोन वर्षं महिन्याला साधारण साडेबावीस डॉलर, काहींना तेवढीच रक्कम बारा वर्षांच्या हमीनं, आणि काहींना साधारण पाचशे डॉलर एकरकमी. दोन वर्षांनी पाहिलं, तर एकरकमी मिळालेल्यांनी धंदे जास्त उभे केले. बारा वर्षांची हमी असलेलेही पुढे होते. दोन वर्षांचेच हप्तेवाले मागे राहिले.

बारा वर्षंवाल्यांना तर महिन्याचे चिल्लर पैसेच मिळत होते, मग त्यांनी धंदा कसा काढला? त्यांनी भिशी लावली! शब्द अर्थातच त्यांचा वेगळा, पण पद्धत तीच. दर महिन्याला सगळ्यांनी टाकायचे, एकानं उचलायचे. हमी लांबची असल्यामुळे भिशीवर भरवसा ठेवता आला. थोडे थोडे येणारे पैसे त्यांनी स्वतःच एकरकमी करून घेतले. थॉमस पेनची गाय अशी परत आली.

एक बाजू मात्र लपवत नाही. युगांडात तरुणांच्या गटांना धंद्यासाठी अनुदान मिळालं. तिथे आधी योजना लिहून द्यावी लागे, पण नंतर देखरेख नव्हती. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी तो फरक जवळपास मिटला, कारण बाकीचेही आपापल्या गतीनं तिथवर पोचले. म्हणजे पैसा चमत्कार करत नाही. तो वाट पाहण्याची वर्षं वाचवतो. गरिबाच्या आयुष्यात ती वर्षं मोठी असतात.

इथे अमेरिकेत जॉर्जियात २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘इन हर हँड्स’ उपक्रमात हाच प्रश्न होता. त्यात ग्रामीण नैऋत्य जॉर्जियातल्याही बायका होत्या. काहींना महिन्याला ८५० डॉलर, तर काहींना सुरुवातीला ४,३०० आणि मग महिन्याला ७००. दोन वर्षांची बेरीज दोन्हीकडे सारखीच, २०,४००. फरक फक्त पैसे कसे मिळाले याचा.

आता आपल्याकडे या. १८८० पासून पोस्टानं मनीऑर्डर सुरू केली, आणि गिरणीतल्या चाकरमान्यानं पाठवलेल्या पैशावर कोकणातली घरं चालली. त्या पैशानं चूल पेटली, कौलं शेकारली, पोरं शिकली. पण दरमहा येणारे थोडे पैसे घरखर्चातच जात. धंदा उभा राहण्याइतकी रक्कम क्वचितच साठे. दोष ना पाठवणाऱ्याचा, ना घेणारीचा. आज ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे १,५०० रुपये म्हणजे वर्षाचे १८,०००. राजकारण बाजूला ठेवा, पण चार बायकांनी त्यांची भिशी लावली तर काय होईल, याचा हिशोब तुम्हीच करून बघा.

माझ्या बहिणीनं तो केला होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गावातल्या भिशीत तिचा नंबर लागला. तिनं रातांबे घेतले, आगळ केलं, बरण्या भरल्या. मला कळलं ते थेट गणपतीत, घरी बाटली आली तेव्हा. यंदा मार्चमध्ये मीच फोन केला आणि विचारलं, ‘किती आणि कधी पाठवू?’ बाकी काही विचारलं नाही.

तुमच्याकडेही असा एखादा फोन येईल. तेव्हा शीट उघडण्याआधी एवढंच विचारा, हंगाम कधी आहे?