ताराबाई माने : घर सुटले, सूर सुटला नाही

गाणे म्हणजे रिकाम्या वेळचा विरंगुळा, असे पुष्कळांना वाटते. परंतु एका मराठी स्त्रीने गाण्याच्याच आधाराने मोडका संसार मागे टाकून पाच लेकरे मार्गी लावली. तिचे नाव ताराबाई माने.

ताराबाई बडोद्याचे सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. दरबारचे थोर गवई अब्दुल करीम खाँ यांच्याकडे त्या गाणे शिकल्या, आणि घरचा विरोध पत्करून त्यांच्याबरोबर बडोदे सोडून गेल्या. १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे मात्र उभयतांचे पटेनासे झाले व १९२०च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ज्या माहेराचा शब्द मोडून निघायचे, तिथे परत कोणत्या तोंडाने जायचे?

त्यांनी मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचा सुरेश झाला, चंपाकलीची हिरा, सकीनाची सरस्वती. पण पतीशी नाते तुटले म्हणून त्याच्या गाण्याशी त्यांनी वैर धरले नाही. किराणा घराण्याचे गाणे घरात राहिले. हिराबाईंना त्याच घराण्यातील वहीद खाँ यांची तालीम मिळाली. मला यात ताराबाईंचे खरे मोठेपण दिसते. जे दुखत होते ते सोडले, जे चांगले होते ते मुलांच्या पदरात घातले.

१९२९ साली या कुटुंबाची नूतन संगीत नाटक मंडळी निघाली. पुरुषांनी लुगडे नेसून स्त्रीपार्ट करण्याच्या त्या काळात हिराबाई स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. मंडळी कर्जात बुडाली, पण गळा शाबूत होता. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत हिराबाई बडोदेकरांची गणना होते. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. सरस्वतीबाई राणे १९४३च्या 'रामराज्य' चित्रपटात गायल्या. सुरेशबाबूंनी माणिक वर्मा, प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्या घडविल्या.

नुसत्या सुरांनी चूल पेटत नाही. त्यामागे रोजचा रियाज होता, कर्ज होते, लोकांची बोलणीही असतील. पण हाती विद्या होती म्हणून पाऊल उचलता आले. संसारात कोणी मुलगी पोळत असली, की आपण तिला "सोस गं बाई" एवढेच सांगतो. त्याऐवजी आपल्या मुलीबाळींच्या हाती एखादी विद्या देऊ या. ती कोणाला हिरावून घेता येत नाही.