श्वासांची मोजदाद : गडचिरोलीतील बालन्यूमोनियाच्या निदानाचा इतिहास

बोलता न येणाऱ्या मुलाचे दुखणे नेमके कोठे आहे हे कसे ओळखावे, हा प्रश्न भारतीय वैद्यकाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. काश्यपसंहितेत त्यासाठी ‘वेदनाध्याय’ नावाचा स्वतंत्र अध्यायच असून, मूल कसे रडते, स्तन तोंडात धरते की सोडून देते, हात वारंवार कोणत्या अवयवाकडे नेते, झोपेत दचकते का, यांवरून विकाराचे अनुमान कसे बांधावे हे त्यात सांगितले आहे. महाराष्ट्रातील वैद्यांच्या नित्य वापरात असलेल्या ‘योगरत्नाकर’ या बऱ्याच नंतरच्या ग्रंथात ‘उत्फुल्लिका’ नावाच्या बालरोगाचे वर्णन येते. पोट फुगणे आणि श्वास चढणे ही लक्षणे त्यात एकत्र सांगितली असून, उपायांमध्ये पोटावर तापल्या सळईचा डाग देण्याचाही समावेश आहे. मराठी घरांत याच अवस्थेला ‘डबा’ म्हणत आले, आणि मूल धापा टाकू लागले, बरगडी उडू लागली, पोट भात्यासारखे खालीवर होऊ लागले की त्याला डबा झाला असे घरातल्या वडीलधाऱ्या बायका सांगत. मेळघाटातील कोरकू वस्त्यांत पोटावर चटके देण्याची जी प्रथा ‘डम्मा’ या नावाने ओळखली जाते, तिचे नाते याच जुन्या समजुतीशी आहे. या प्रथेची गणना सरसकट अडाणीपणात केली जाते आणि उपचार म्हणून ती घातक आहे यात शंका नाही. परंतु तिच्यामागचे निरीक्षण मात्र चुकीचे नव्हते. वेगाने चालणारा श्वास आणि उडणारी बरगडी ही ज्या आजाराची लक्षणे आहेत, त्याच आजाराने गावोगावची मुले खरोखर मरत होती.

आधुनिक वैद्यकाने हा आजार ओळखण्याची रीत दुसऱ्याच दिशेने विकसित केली. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रने लाएनेक याने १८१६ मध्ये स्टेथोस्कोपचा शोध लावला आणि फुप्फुसातील बारीक करकर ऐकून न्यूमोनियाचे निदान करता येऊ लागले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर फुप्फुसावरचा डाग प्रत्यक्ष डोळ्यांना दिसू लागला. निदान यामुळे अचूक झाले, तसेच ते रुग्णालयाच्या भिंतींच्या आत गेले. ज्या मुलापाशी नळी कानाला लावणारा कोणी पोचत नव्हता, त्याच्या बाबतीत ही सारी प्रगती झाली काय आणि न झाली काय, सारखेच होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जगात पाच वर्षांखालील सुमारे ४० लाख मुले दरवर्षी तीव्र श्वसनसंसर्गाने दगावत असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि त्यांतील बहुसंख्य मुले स्वस्त प्रतिजैविकाने, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाने, वाचू शकणारी होती. पंजाबातील नारंगवाल येथे १९७० च्या दशकात गावपातळीवरच्या साहाय्यकांनी न्यूमोनियावर पेनिसिलिन देऊन बालमृत्यू कमी करून दाखवले होते. तरीही साध्या सर्दी-खोकल्यातून न्यूमोनिया वेगळा काढणारी, कोणालाही वापरता येईल अशी कसोटी हाती नव्हती.

ती कसोटी पापुआ न्यू गिनीतील गोरोका या डोंगराळ भागातून पुढे आली. फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये असे सुचवले की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० हून अधिक वेळा चालत असेल तर त्याला प्रतिजैविक द्यावे, आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर त्याला रुग्णालयात न्यावे. यामागचे शरीरशास्त्र सोपे आहे : फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्या संसर्गाने द्रवाने भरल्या की फुप्फुस ताठर होते व रक्ताला प्राणवायू कमी मिळतो, ती उणीव भरून काढण्यासाठी मूल उथळ पण जलद श्वास घेते, आणि तेवढ्यानेही भागेनासे झाले की प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा खोल ओढली जाते. साध्या सर्दीत नाक चोंदते, घसा घरघरतो, पण श्वासाचा वेग सहसा एवढा वाढत नाही. १९८८ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी भारतीय मुलांवर हीच कसोटी तपासली आणि एक वर्षाच्या आतील मुलांसाठी ५० व त्यावरच्या मुलांसाठी ४० श्वास ही मर्यादा उपयुक्त ठरते असे दाखवले. शतकानुशतके बायकांच्या नजरेत असलेल्या लक्षणाला अशा रीतीने एक आकडा जोडला गेला.

हा आकडा जिल्हा रुग्णालयातून झोपडीपर्यंत नेण्याचा महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रात झाला. चंद्रपूरचे विभाजन होऊन १९८२ मध्ये अस्तित्वात आलेला गडचिरोली जिल्हा जंगलांचा, गोंड-माडिया वस्त्यांचा आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या रस्त्यांचा होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील शिक्षणानंतर येथे आले आणि त्यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९८८ मध्ये आरंभ झालेल्या प्रयोगात ५८ गावांत आरोग्यसेवक आणि गावातल्या सुईणी यांना मुलाचा श्वास मोजण्याचे व कोट्रायमोक्साझोल हे औषध देण्याचे शिक्षण दिले गेले. तुलनेसाठी ४४ गावे नेहमीच्या सरकारी सेवेवर ठेवली गेली. प्रयोगाच्या गावांत उपचार मिळालेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांपैकी ०.८ टक्के मुले दगावली, तर तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. न्यूमोनियामुळे होणारे मृत्यू पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे १७.५ ऐवजी ८.१ वर आले. हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

सुईणींच्या बाबतीत एक अडचण होती, आणि तिच्यावरचा उपाय या इतिहासातील सर्वांत चातुर्याचा भाग म्हणावा लागेल. निरक्षर सुईणीला पन्नासपर्यंत सलग मोजणे अवघड होते आणि घड्याळ वाचणे तर त्याहूनही अवघड. त्यासाठी ‘श्वास-मापक’ नावाची लाकडी पाटी तयार करण्यात आली, जिच्यावर एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी बसवलेले होते. मुलाच्या वयानुसार मण्यांची ओळ वेगळी असे. घड्याळ उलटे करायचे, मुलाच्या पोटावरचे कापड वर करायचे, पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास धरायचा, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याच्या आत लाल मण्यापर्यंत पोचल्यास न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे, अशी तिची रीत होती. मूल रडत किंवा दूध पीत असताना मोजायचे नाही, कारण तेव्हा श्वास आपोआप वाढतो, हे पथ्यही त्यात होते. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईला मिनिट, पन्नास आणि साठ या कल्पनांची गरजच पडू नये अशी ही योजना होती. माणसाला शिकवण्याआधी हत्याराला शहाणे करावे, ही दृष्टी सार्वजनिक आरोग्याच्या कार्यक्रमांत विरळाच दिसते.

नवजात बाळांच्या मृत्यूचा प्रश्न याहून बिकट निघाला. ३९ गावांत १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालकांची घरी जाऊन नियमित पाहणी केली असता, ९५ टक्के बाळंतपणे घरीच झाली होती आणि ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती असे आढळले. डॉक्टरने पाहिलेली बाळे मात्र अवघी २.६ टक्के होती. बाळंतीण आणि बाळ यांनी काही दिवस अंधाऱ्या खोलीबाहेर पडायचे नाही हा रिवाज, तालुक्याच्या गावाचे अंतर, प्रवासाचा खर्च, आणि इतके लहान बाळ जगले तर देवाच्या मर्जीने ही समजूत, ही सारी कारणे त्यामागे होती. दवाखान्यात केव्हा न्यावे हे कळणे आणि नेता येणे या दोन गोष्टींत या गावांत फार मोठे अंतर होते, म्हणून लक्षणे ओळखणारी व्यक्ती आणि उपचार करणारी व्यक्ती एकच असावी, या निर्णयावर बंग दांपत्य आले. गावातल्या थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले आणि जंतुदोषावर, म्हणजे रक्तात पसरलेल्या संसर्गावर, जेन्टामायसिनचे इंजेक्शन देण्यापर्यंत त्यांना शिकवले गेले. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई देण्यावर वैद्यकीय वर्तुळात आक्षेप घेतले गेले. त्या आक्षेपांत तथ्य नव्हते असे नाही, परंतु ज्या गावात डॉक्टर येतच नाही तेथे सुई कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांपाशी नव्हते.

जंतुदोष ओळखण्यासाठी ठरवलेली सात लक्षणे मुद्दाम पाहण्याजोगी आहेत : दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे किंवा थांबणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या होणे किंवा पोट फुगणे, बाळ हाताला थंड लागते असे आईने सांगणे, छाती खोल ओढली जाणे, आणि नाळेत पू होणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी आढळली तर जंतुदोष समजायचा. प्रयोगशाळेतील रक्ततपासणीचे येथे नावही नाही. पहिल्या तीन लक्षणांत स्थिती नोंदवलेली नसून बदल नोंदवलेला आहे, आणि काल जोरात दूध ओढणारे बाळ आज मलूल झाले हे पाच मिनिटांसाठी भेटणाऱ्या डॉक्टरला कधीच दिसणार नाही, ते दिवसभर बाळाला अंगाशी धरणाऱ्या बाईलाच दिसते. ‘आईने सांगणे’ या शब्दांना निदानाच्या कसोटीत स्थान मिळाले, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही, कारण तोवर आईचे सांगणे ही केसपेपरावरची तक्रार मानली जाई, पुरावा नव्हे. या उपचारपद्धतीपूर्वी जंतुदोष झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती, नंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले; १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जन्मांमागे ६२ वरून सुमारे २५ पर्यंत उतरला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने दरम्यान श्वासांच्या मर्यादा वयानुसार निश्चित केल्या होत्या : दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, आणि एक ते पाच वर्षे ४०. पुढे कोट्रायमोक्साझोलची जागा अमॉक्सिसिलिनने घेतली. संस्थात्मक बाळंतपणांना उत्तेजन देणारी जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली, तरी दोन-तीन दिवसांत बाळ घरी येतच होते, आणि धोक्याचा बराचसा काळ घरातच उलटत होता. केंद्र सरकारने २०११ मध्ये गृह-आधारित नवजात बालसेवा देशभर लागू केली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी ठरवून त्या ‘आशा’ कार्यकर्तीकडे सोपवण्यात आल्या. गडचिरोलीच्या प्रयोगातला एक दुवा मात्र वाटेत निसटला : राष्ट्रीय कार्यक्रमात आशेने लक्षणे ओळखून बाळाला पुढे पाठवायचे असते, जेन्टामायसिनचे इंजेक्शन ती देत नाही, आणि २०१४ मध्ये त्याला मुभा मिळाली ती एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातील परिचारिकांना. जेथे उपकेंद्र जवळ आहे तेथे याने फारसे बिघडत नाही, पण भामरागड-एटापल्लीसारख्या तालुक्यांत, जेथे पावसाळ्यात नाले भरले की वाटच बंद होते, तेथे ओळखणे आणि उपचार यांच्यामध्ये जुनेच अंतर पुन्हा उभे राहते. आशेला दिलेल्या गृहभेटीच्या छापील नमुन्यात, थर्मामीटरने घेतलेल्या तापमानाच्या नोंदीबरोबरच, बाळ हाताला थंड लागते असे आई सांगते का, हा प्रश्न आजही आहे.